कोलंबोच्या दगडावरचं नाव

नागसेन सोनकांबळे १९८७च्या ऑक्टोबरात, श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेत, जाफन्याच्या लढाईत मारला गेला. बावीस वर्षांचा होता. विमानातून छत्रीनं उड्या मारणाऱ्या पलटणीत होता, म्हणून गावात, लोहाऱ्यात त्याचं कौतुक होतं. पहिल्या रजेवर आला तेव्हा आईनं, सरुबाईनं, विचारलं होतं, वरून आपलं घर दिसतं का. तो म्हणाला, उडी मारताना माझे डोळे मिटलेलेच असतात.

अंत्यसंस्कार तिकडंच झाले. घरी आली त्याची पेटी आणि अस्थींचा कलश.

"माझं एवढं मोठं लेकरू ह्या भांड्यात मावतं व्हय?" सरुबाई म्हणाली. ती रडली नाही. पुढं घरात कुणी त्याचा विषय काढला की उठून जायची.

नागसेनची धाकटी बहीण पौर्णिमा गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली. श्रीलंकेतल्या बुद्धविहारांची सहल निघाली, तसा तिनं ऐंशी वर्षांच्या आईचाही पासपोर्ट काढला. कोलंबोत आपल्या सैनिकांचं स्मारक आहे, हे मात्र सांगितलं नाही. नाव सापडलं नाही तर, अशी धास्ती होती.

शेवटच्या दिवशी बाकीची मंडळी विहारात गेली आणि पौर्णिमानं आईला रिक्षात बसवलं. कुठं चाललोय ते वाटेत सांगितलं. सरुबाईनं नुसता पदर सारखा केला.

दगडावर इंग्रजी नावांच्या रांगाच रांगा होत्या. नागसेनचं नाव सापडायला अर्धा तास लागला. पौर्णिमानं आईचं बोट अक्षरांवरून फिरवलं. दगड उन्हानं तापला होता, तरी सरुबाईनं बोट उचललं नाही.

"ह्याच्या वर कोण हाय?"

पौर्णिमानं वाचून दाखवलं.

"आन खाली?"

तेही वाचलं.

"ह्यांच्या घरचं कुणी आलं असंल का?"

"काहींचं आलं असंल, माय. समद्यांचं कसं येईल?"

"मग वाच. म्या उभी हाय तवर वाच."

पौर्णिमा वाचत गेली. पन्नासेक नावं झाल्यावर सरुबाई खाली बसली आणि हमसून रडली. बऱ्याच वेळानं दोघींनी मिळून त्रिशरण म्हटलं.

बस त्यांच्यासाठी खोळंबली होती. शेजारच्या बाईनं उशीर का झाला म्हणून विचारलं.

"माझा थोरला हितं लढाईत गेला," सरुबाई म्हणाली. "नागसेन त्याचं नाव." मग सोलापूरकडच्या त्या बाईला ती विमानतळ येईपर्यंत त्याच्याबद्दल सांगत राहिली.