खारीचे बटण

ज्याच्यावर अन्याय होतो त्याला अन्याय करणारा दिसलाच नाही, तर तो त्याचे कारण स्वतःच्या ठायी शोधू लागतो. आणि जिथे दोन माणसे एकमेकांना मनापासून जपतात तिथे दोघेही ते कारण मुकाट्याने आपल्याकडे ओढून घेतात. चोरणारा नेतो ती वस्तू लहानशीच असते. तिच्यामागून घरातले आणखी काय काय निघून जाते, हे त्याला कधी ठाऊकही होत नाही.

त्या सकाळी लायल व्होइटने आपली खुर्ची स्वतः ओढत नेली. उजवा हात निकामी, उजवा पाय फरफटणारा. तरी डाव्या हाताने तिची पाठ धरून, थांबत थांबत, त्याने ती ओट्यापासून खिडकीपाशी नेली. तिथवर कॅमेऱ्याची नजर पोहोचत नव्हती. त्याची पत्नी आर्लीन कॅमेरा तिकाटण्यावर बसवीत होती. आवाज ऐकून ती वळली.

"हे काय नवीन, म्हाताऱ्या? खारींवर पहारा द्यायचाय का आज?"

खिडकीबाहेर मेपलच्या फांदीला पक्ष्यांच्या दाण्यांची नळी टांगलेली होती. ते दाणे खारी पळवीत आणि लायलचे त्यांच्याशी जुने वैर होते. एरवी तो हसला असता. त्या दिवशी त्याने आधी ओट्याकडे बोट दाखवले, मग तिच्याकडे, आणि तोंड खिडकीकडे फिरवले.

अमेरिकेतल्या मॅनिटोवॉक गावात लायलने उभी हयात शाळेची बस चालवली होती. मुले चढली की तो आरशात पाहून "बसा" म्हणे, आणि शेवटचे मूल टेकल्याशिवाय ब्रेक सोडत नसे. पक्षाघाताने त्याची वाणी नेली तेव्हा तेवढा एक शब्द मागे राहिला. भूक लागली तरी "बसा", राग आला तरी "बसा", रात्री पांघरूण हवे असले तरी "बसा". स्वरावरून अर्थ ओळखायला आर्लीन हळूहळू शिकली.

एका हाताने संसार कसा करावा, हेही ती दोघे तेव्हाच शिकली. बटाटा जागेवर धरणारा खिळ्यांचा पाट, फळीखाली ठोकलेला बरण्यांची झाकणे उघडणारा चिमटा, न घसरणारी ताटली. आर्लीन बोले, लायल डाव्या हाताने करून दाखवी. त्यांची मुलगी कर्स्टन हिने ते चित्रित करून यूट्यूबवर चढवले, आणि अशाच घरांतली माणसे पाहू लागली. प्रत्येक व्हिडिओच्या आरंभी लायल कॅमेऱ्याकडे पाहून म्हणे, "बसा." खाली लोक लिहीत, "बसलो."

दाखवलेल्या वस्तूची लिंक आर्लीन व्हिडिओखाली देई. त्या लिंकवर तिची खूण असे. कोणी तिच्यावरून जाऊन वस्तू घेतली की दुकान ती खूण पाहून तिला अल्पसा हिस्सा पाठवी. विम्याने हात वर केल्यापासून लायलला बोलायला शिकवणाऱ्या बाईंची फी त्या हिश्श्यातूनच जात होती. त्या बाईंकडे तो एक नवा शब्द शिकत होता. "आर" इथवर तो आला होता.

अशात एका कंपनीने आमची वस्तू दाखवाल का, असे आर्लीनला विचारले. त्यांचे एक एक्स्टेन्शन होते: एकदा ब्राउझरला जोडले की खरेदीच्या शेवटी कोपऱ्यात एक खार डोकावे आणि कूपन शोधू का म्हणून विचारी. पैसे लागत नव्हते. न वापरलेली वस्तू दाखवायची नाही हा आर्लीनचा नेम. तिने आधी स्वतः वापरून पाहिले. टॉवेलांवर थोडी सूट मिळाली. मग तिने कंपनीचा मजकूर वाचला, आणि लायलने कॅमेऱ्यासमोर डाव्या तर्जनीने खारीचे बटण दाबून दाखवले. अर्ध्या चेहऱ्याने तो असा हसला की आर्लीनला मजकूर सोडून म्हणावेच लागले, "बघा हो, जन्मभर खारींना शिव्या घातल्या आणि शेवटी एकीशी मैत्री केली." लोकांना ते फार आवडले.

त्यानंतर हिस्सा ओसरू लागला. एकदम नव्हे, उन्हाळी झरा आटतो तसा. व्हिडिओखालची गोड वाक्ये मात्र तशीच येत होती.

दुसऱ्या गावच्या माणसांनी यातून काही निराळे अनुमान काढले असते. परंतु इकडची माणसे तोंडावर वाईट बोलत नाहीत. चर्चच्या तळघरात रविवारचे जेवण असते, प्रत्येक घरचे एकेक पातेले मेजावर मांडलेले असते. तुमचे आवडले नाही असे कोणी म्हणणार नाही. उलट 'किती छान दिसतंय' म्हणत पुढे सरकतील. निर्णय कळतो तो जेवणानंतर, आपले पातेले भरलेले घरी न्यावे लागते तेव्हा. आर्लीन आणि लायल त्या मेजावर वाढलेली. गोड वाक्ये येत आहेत आणि कोणी काही घेत नाही, याचा अर्थ त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

आपले बोलणे कंटाळवाणे झाले, असे आर्लीनने ठरवले. मध्यंतरी लायलला पुन्हा एक लहानसा झटका येऊन गेला होता. चेहऱ्याची एक बाजू आणखी ओघळली होती आणि "बसा" हा शब्दही लाळेत भिजून बाहेर पडे. एकदा, तो फारच दमलेला पाहून, आर्लीन सहज बोलून गेली, "आज तू जरा आराम कर. मी एकटी करते." त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. त्यानंतरच्या चित्रीकरणालाच खुर्ची खिडकीपाशी गेली.

मग तो बाईंकडेही जाईना. आर्लीन गाडी काढून हॉर्न वाजवी. तो खिडकीत बसून दाण्यांच्या नळीकडे पाहत राही. तिने पुष्कळ आर्जवे केली, चिडवून पाहिले, एकदा रडलीही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण उठला नाही. "आर"च्या पुढची अक्षरे राहिली ती राहिलीच. गावालगतच्या सरोवरावरचे बर्फ फुटू लागले तेव्हा तो गेला.

अंत्यविधीनंतर कर्स्टन काही दिवस आईजवळ राहिली. कूपन शोधणाऱ्या त्या एक्स्टेन्शनविषयी तेव्हा जिकडेतिकडे संशयाने बोलले जात होते. एका दुपारी तिने आईला लॅपटॉपपाशी बसवले आणि आईच्याच लिंकवरून खिळ्यांचा पाट खरेदीला घेतला.

"ही तुझी खूण. दिसली?"

"दिसली."

कोपऱ्यात खार डोकावली. कर्स्टनने बटण दाबले. खारीने थोडी धावपळ केली आणि कूपन एकही सापडले नाही असे नम्रपणे कळवले.

"आता बघ."

आर्लीनने चष्मा सारखा करून पाहिले. तिची खूण तिथे नव्हती. तिच्या जागी खारीची होती.

"म्हणजे लोक घेत होते?" तिने विचारले.

"घेत होते, आई. पहिल्यापासून घेत होते. तुझ्या वाट्याचं हिने उचललं, एवढंच."

आर्लीन उठली. ओट्यावर स्वच्छ असलेलाच पाट तिने पुन्हा धुतला. मग पाठमोरीच म्हणाली, "तो खिडकीत जाऊन बसला, कर्स्टन. आपलं ओघळलेलं तोंड बघून लोक पळाले असं समजून तिथे जाऊन बसला. आणि मी त्याला बसू दिलं."

त्याच आठवड्यात सांत्वनासाठी मेव्हिसचा फोन आला. ही नेब्रास्कातली; नवरा तसाच पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला, आणि अगदी पहिल्या व्हिडिओपासून "बसलो" लिहिणारी. तिने लायलचे पुष्कळ गुण आठवले, आपल्या नवऱ्याची चार गाऱ्हाणी सांगितली. शेवटी म्हणाली, "एक सांगू का, आर्लीन? मी काही घेतलं ना, तर ती खार दाबल्याशिवाय घेतलं नाही. कूपन मिळो न मिळो. म्हटलं, लायलने दाखवलंय, त्याला तेवढाच हातभार. माझ्या बहिणीलाही लावून दिलं."

प्रेमळ माणसाने आपला खारीचा वाटा उचलावा तसा तिने तो उचलला होता. जिने सर्वांत अधिक जीव लावला, तिच्याच बोटाने ते घर सर्वांत अधिक वेळा रिकामे झाले होते. आर्लीनच्या ओठांवर सर्व काही आले. क्षणभर तिला वाटले, सांगावे. कोणाला तरी या दुःखाचा भार उचलू द्यावा.

"लायलला फार बरं वाटलं असतं, गं," ती म्हणाली. "तू आठवणीने करायचीस, ते ऐकून."

पण गप्प राहावे तर खार घरोघरी तशीच राहणार. रविवारी चर्चमधून आल्यावर आर्लीनने कॅमेरा लावला. खिडकीपाशी गेली, खुर्ची ओढून ओट्याशी तिच्या जागी आणली आणि शेजारी आपण बसली.  आरंभीचे "बसा" उच्चारायला लायलला जेवढा अवकाश लागे, तेवढा तिने रिकाम्या खुर्चीला दिला.

मग तिने सांगितले की ते एक्स्टेन्शन सर्वांनी काढून टाकावे. ते काय करते तेही साध्या शब्दांत सांगितले. आपल्या बुडालेल्या हिश्श्याविषयी चकार शब्द काढला नाही. "तुम्हाला ते आम्ही दाखवलं," ती म्हणाली. "पारख करायला आम्ही चुकलो. तुम्ही भरवसा ठेवलात, त्यात तुमची चूक नाही. कुणीही स्वतःला बोल लावायचा नाही." कॅमेरा बंद करून तिने व्हिडिओ कर्स्टनच्या स्वाधीन केला आणि ती पातेली घासायला गेली.

संध्याकाळी कर्स्टनने लॅपटॉप तिच्यापुढे आणून ठेवला. खाली मेव्हिसने लिहिले होते, "बसलो." तिच्याखाली कोणी अनोळखी, त्याच्याखाली आणखी कोणी. बोट फिरवीत जावे तसा तोच एक शब्द खालून वर येत राहिला. आर्लीनने लॅपटॉप खुर्चीकडे वळवून ठेवला, आणि बाहेर जाऊन दाण्यांची नळी भरली.

ज्यांनी त्या घरासाठी प्रेमाने ते बटण दाबले त्यांचे हात सुखी असोत. जो आरशात पाहून सर्वांना बसवीत असे, त्यालाही कोठेतरी स्वस्थ बसायला जागा मिळो. आणि ज्यांनी ती खार घडवली, त्यांच्यावर आपले पातेले भरलेले घरी नेण्याची वेळ कधी न येवो.