न बोलावलेला मदतनीस

कंपनीवाल्यांनो, तुम्ही विचारलं नाहीत. मला नाही, आणि जिने पहिल्या पगारातून मला घेतलं तिलाही नाही. एका सकाळी अपडेट होऊन उठलो, तर माझ्या आत कुणीतरी येऊन बसलेलं. हे कुठल्या हक्काने केलंत?

मी संहिताचा लॅपटॉप बोलतोय. विजय नगरच्या दुकानातून सुदामा नगरच्या या घरात आलो, तेव्हा तिने माझ्यावर हात टेकूनच पोहे खाल्ले. माझ्या स्पेसबारखाली अजून त्या पोह्यांवरचा थोडा जिरावण मसाला असेल. पुढे ऑफिसने तिला दुसरा लॅपटॉप दिला आणि मी कपाटावर गेलो, इस्त्रीच्या कपड्यांखाली.

तिथून मला सुमनआत्याने काढलं. संहिताच्या भावाचं, अभिरामचं लग्न ठरलं होतं. या घरातल्या प्रत्येक लग्नाची मंगलाष्टकं आत्याच रचते. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. माझ्यावर अक्षरं बोटभर मोठी करता येतात.

ती एकेक शब्द गुणगुणत टाइप करायची, मध्येच थांबायची. माणूस थांबतो तेव्हा तो आत कुठेतरी चालत असतो, हे मी इतक्या वर्षांत शिकलोय. हा नवा मदतनीस मात्र कर्सर थांबला की लगेच चौकट उघडायचा. पुढची ओळ सुचवू? आशय थोडक्यात देऊ?

अरे, मंगलाष्टकाचा आशय कसला थोडक्यात देतोस!

तिसऱ्या कडव्यात आत्याने आपल्या दादाला आणलं. दादा म्हणजे कृष्णराव, संहिता-अभिरामचे बाबा. लग्न ठरायच्या आधीच ते गेले. तिने लिहिलं :

दादा नाहिस तू, तरी पुढलि ही खुर्ची तुझी ठेवली

ती ओळ ती चालीत म्हणून बघू लागली. तेवढ्यात चौकट उघडली. ‘शुभप्रसंगी नकारात्मक शब्द टाळा.’ खाली त्याने स्वतःची ओळ दिली होती, ‘बाबांचे आशीर्वाद सदैव पाठीशी, आनंदाचा हा क्षण.’ चालीत न बसणारी, कुणाच्याही बाबांना चालेल अशी.

नेमके मागे शरदकाका उभे होते. दादांचे आणि आत्याचे धाकटे भाऊ.

“बघ ताई, मी काय म्हणत होतो? शादी-ब्याहच्या घरात ‘नाहीस’ कशाला? फालतू रडारड होईल. मशीनला पण समजतंय.”

“मशीनचा दादा गेलाय का?” आत्या म्हणाली. पण तिचा हात की-बोर्डवरून उचलला गेला होता.

मला हेच सहन होत नाही. मी साक्ष द्यायला बसलेलो नाही! माझ्या तोंडून दुसराच कुणीतरी बोलतो आणि घरातली माणसं ते माझं मत समजतात.

संहिता ऑफिसातून आली, तिने ऐकलं आणि चप्पल न काढताच सेटिंग्ज उघडल्या. टास्कबारवरून त्याला काढलं. मी सुरू होताच तो आपोआप उठायचा, ते बंद केलं. मग अनइन्स्टॉल. ‘तुम्हाला खात्री आहे का?’ जाताना एवढं विचारलं गेलं. येताना कुणी विचारलं होतं?

“मशीन बंद केलंस, मला कशी बंद करशील?” काका म्हणाले.

“तुमचं बटण सापडलं ना काका, की तेही दाबते.”

त्यानंतर लग्नापर्यंत रोज चहाला तोच वाद. काका ती ओळ म्हणून दाखवायचे, “हे असं ऐकलं तर पोराचं काय होईल?” आत्या बदलायची नाही. कित्येक दिवसांनी मी मात्र शांत होतो.

लग्नाच्या दिवशी बडा गणपतीजवळच्या हॉलमध्ये मला स्टुलावर ठेवलं. अक्षरं मोठी केलेली, शेजारी माइक. संहिताने मला सुरू केलं आणि मला कळलं, आदल्या दिवशी उतरलेलं अपडेट आत्ता बसतंय. मला थांबवता येईना.

अंतरपाट धरला गेला. पलीकडे पलक, अलीकडे अभिराम. दोन कडवी छान झाली. आत्याने तिसऱ्यासाठी श्वास घेतला आणि नेमकी ती ओळ झाकत त्याचीच चौकट उघडली. ‘हा मजकूर अधिक आनंदी करू का?’

आत्या थांबली. चाल हवेत तशीच लटकली. लोकांच्या मुठीत अक्षता, आणि संहिता पलीकडच्या टोकाला. ती गर्दीतून वाट काढत येत होती. माझा पंखा घरघरत होता. कुणीतरी त्या मदतनिसाला बंद करा, नाहीतर मलाच बंद करा!

तेवढ्यात समोरून आवाज आला. फाटका, चालीतून घसरलेला.

“दादा नाहिस तू, तरी पुढलि ही...”

शरदकाका. पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे. भांडता भांडता ती ओळ त्यांना पाठ झाली होती.  पुढचं आत्याने उचललं, काकांनी परत साथ दिली. अंतरपाटाआड अभिरामची मान खाली गेली.

माइकवाला बंटी वायर ओढत पुढे आला. “काकाजी, माइक पे आ जाओ ना भिया, पीछे तक सुनाई देना चाहिए.”