पाद्रीबाबांच्या डुकरिणीची नक्षी

आमच्या मोएला पहिलं गिऱ्हाईक मिळालं तेव्हा ती चार वर्षांची होती आणि गिऱ्हाईक होती कोंबडी. घरातल्या मच्छरदाणीचा कोपरा कापून तिने कोंबडीला झालरीचा झगा घातला आणि रविवारी चर्चला निघालेल्या गावासमोरून तिला मिरवत नेलं. कोंबडीही काय तोऱ्यात चालली! सापेताने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, लेकीला चांगलं बदडलं. आणि मार खाता खाता ही कार्टी मला विचारते, "मावशी, कंबरेत घट्ट झालाय का गं तो?"

तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचलंच नाही. शाळेच्या गणवेशाला चुण्या घातल्या म्हणून मुख्याध्यापिकेने घरी पाठवलं, आणि आठवडाभराने तीच बाई स्वतःचा झगा काखेत मारून आमच्या पायरीशी हजर! अळूच्या मळ्यात तण काढायला पाठवावं, तर मोए खुरप्याला मुलाखत देत बसलेली असायची. "हो ना, आपियातलं माझं पहिलं दुकान अगदीच छोटं होतं. मग ऑकलंडला काढलं. पुढे पॅरिसवाले फारच मागे लागले, नाही म्हणवेना." तण तसंच राहायचं. मी मात्र ऐकायला थांबायचे, कारण मुलाखतीत मावशीचाही उल्लेख असायचा.

सापेताला ही थेरं पसंत नव्हती. तिने मोएचं नाव नर्सिंगच्या शाळेत घालून ठेवलं होतं. आता माझी बहीण कशी, तर कुणी म्हणालं जेवण झकास झालंय, की ही म्हणणार करपलंय. कुणी म्हणालं मुलगी गुणाची आहे, की ही म्हणणार झोपाळू आहे. आमच्या सावाईई बेटावर आपल्या माणसाला चारचौघांत कमी लेखायची रीतच आहे, पण सापेताने त्या रीतीचा कहर केला होता. मोए अठरा वर्षांची झाली तरी आईच्या तोंडून "बरं झालंय" एवढे दोन शब्द तिने ऐकले नव्हते.

मग शेजारच्या गावच्या नव्या चर्चचं उद्घाटन ठरलं. अशा वेळी प्रत्येक गावच्या महिला समितीने एकाच कापडाचे पुलेतासी घालून जायचं असतं, वर लांब झगा आणि खाली घोट्यापर्यंतचं वस्त्र. कुणाचं कापड उठून दिसलं याची चर्चा पुढे वर्षभर पुरते. पलीकडच्या बेटावरच्या राजधानीतून, आपियातून, तेलेसिया येणार होती, तिचं माहेर त्याच गावचं. तिच्या शिवणाच्या दुकानात शिकायला मिळावं म्हणून मोए जीव टाकत होती. मी समितीत आरडाओरडा करून काम मोएला मिळवून दिलं आणि सापेताने, ती समितीची अध्यक्ष, सर्वांसमोर अट घातली.

"कपडे चांगले झाले आणि तेलेसिया हो म्हणाली, तर जा आपियाला. एक जरी खोट निघाली तर नर्सिंग. मग रडायचं नाही."

"रडते कशाला? शाईचा ठसा मारू का अटीवर?" मोए म्हणाली आणि नाचतच सुटली.

रंगावरून समितीत जे युद्ध झालं ते मी सांगत बसत नाही. शेवटी पिवळं कापड ठरलं. कोरलेल्या लाकडी फळीवर कापड पसरून वरून रंगाचा बोळा घासला की नक्षी उमटते. मोएने गडद निळा रंग घेतला, फुलांची नक्षी छापली, आणि ते लांबच लांब कापड गावच्या मैदानात गवतावर वाळत घातलं. मग कंबरेवर हात ठेवून बघत बसली. बघता बघता संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख झाला आणि तिने तशीच घराकडे धाव घेतली. रंगाच्या पराती तिथेच उघड्या राहिल्या.

शंख झाला की आमच्याकडे कुणी हलायचं नाही. रस्त्याच्या कडेला तरुण मंडळी काठ्या घेऊन उभी असतात. घराला भिंती नाहीत, नुसते खांब, त्यामुळे बसल्या जागेवरून सगळं मैदान दिसतं. सापेता प्रार्थना सांगायला लागली, आणि पलीकडून पाद्रीबाबांची डुकरीण आपली सगळी पिल्लं घेऊन फिरायला निघाली.

"मावशी," मोए पुटपुटली, "परातीत पाय घातला गं तिने."

"डोळे मीट."

"आता कापडावर चढली!"

डुकरीण सावकाश, ऐटीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मागून पिल्लं. टोकाला पोचल्यावर काही विसरल्यासारखी परत फिरली. एक पिल्लू मध्येच आडवं होऊन लोळलं. मोए उठायला लागली तशी मी तिचा झगा धरला. प्रार्थना मोडली तर दंडात डुक्कर द्यावं लागतं आणि आमच्याकडे तेवढंही नव्हतं. सापेता आजाऱ्यांसाठी मागणं मागत होती, प्रवाशांसाठी मागत होती, समुद्रावरच्या कोळ्यांसाठी मागत होती. "देवा, आईला आवर," मोए म्हणाली. "आणि प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणाऱ्यांनाही क्षमा कर," सापेता डोळे मिटूनच म्हणाली आणि मृतांकडे वळली.

सुटकेचा शंख झाल्यावर आम्ही धावलो. सापेताने कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"नर्सिंग," ती म्हणाली आणि निघून गेली.

 दुसरं कापड आणायला दिवस नव्हते आणि समितीच्या डब्यात दमडी नव्हती. पाद्रीबाबांच्या डुकराला शिवी देण्याचीही सोय नाही. मोए गवतावर उकिडवी बसून बघत राहिली आणि एकाएकी फिदीफिदी हसायला लागली. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"मावशी, हे बघ! आईची पावलं मोठी, पिल्लांची कळ्यांएवढी. माझ्या फुलांमधून कशी गेलीत बघ! मला शंभर वर्षांत हे सुचलं नसतं गं!"

पुढचे दिवस मशीन थांबलं नाही. मोठी पावलं घेरावरून वर चढत गेली, लहान पावलं गळ्याभोवती गोळा झाली. पिल्लू लोळलेला भाग माझ्या पाठीवर आला, कारण तेवढा पट्टा दुसऱ्या कुणाच्या पाठीवर मावत नव्हता. पाद्रीणबाई माप द्यायला आल्या आणि लाडाने म्हणाल्या, "कसलं गं हे गोड फूल?" आम्ही सगळ्या एकदम खोकायला लागलो. सापेताने शिलाईकडे एकदाही ढुंकून पाहिलं नाही. अट अट होती. सर्वांचे कपडे होता होता कापड संपलं आणि मोएला स्वतःला मागच्या वर्षीचा विटका हिरवा झगा उरला.

उद्घाटनाच्या दिवशी चर्चच्या फाटकाशी आम्ही ओळीने उभ्या राहिलो आणि माना वळायला लागल्या. बाकीच्या गावांचे निळ्यात निळे, पांढऱ्यात पांढरे, आणि मध्ये आम्ही! माझं अंग नुसतं तरंगत होतं. तेवढ्यात त्या गावच्या समितीची अध्यक्षीण जवळ आली, वाकली, माझ्या घेराकडे निरखून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगंबाई! ही तर डुकराची पावलं! तुमच्याकडे बायकांच्या आधी डुकरं कपडे घालून बघतात वाटतं?"

फाटकाशी हशा पिकला. आमच्या बायकांच्या माना खाली गेल्या. पाद्रीणबाईंनी आपल्या बाहीकडे पाहिलं आणि त्यांना फुलाची ओळख पटली. तेलेसिया पुढेच उभी होती, तिने सगळं ऐकलं. मोए माझ्या मागे लपली. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मी सापेताकडे पाहिलं. तिने नेहमीसारखं "पोरीने काहीतरी घाण करून ठेवलंय, माफ करा" म्हटलं असतं, तर रीतीला धरून झालं असतं आणि मोएचं सगळं तिथेच संपलं असतं.

"हो, डुकराचीच आहेत," सापेता म्हणाली. प्रार्थना सांगायच्या आवाजात म्हणाली. "आमच्या पाद्रीबाबांच्या डुकरिणीची. वाटेल त्या डुकराला आम्ही कापडावर चालू देत नाही. कापड माझ्या मुलीने केलंय. ही मोएलांगी. कपडे करणं हा तिचा धंदा आहे आणि ती त्यात फार हुशार आहे."

आमच्या गावच्या बायकांनी हे शब्द ऐकून तोंडावर हात ठेवले. डुकराचं राहिलं बाजूला, सापेताने लेकीचं कौतुक केलं होतं! पाद्रीणबाईंनी बाही झटकली, मान वर केली आणि म्हणाल्या, "आमची डुकरीण जातिवंत आहे." त्या अध्यक्षीणबाई मागच्या मागे आपल्या ओळीत गेल्या. तेलेसियाने माझ्या पाठीवरून हात फिरवला, लोळलेल्या पिल्लाच्या जागी थांबली, आणि खो खो हसत मोएला म्हणाली, "सोमवारच्या बोटीने ये. डुकरीण मात्र घरीच ठेव, माझं दुकान लहान आहे."

मोए अजून माझ्या मागेच होती.  सापेताने तिचा हात धरला आणि विटक्या हिरव्या झग्यासकट ओळीत आपल्या आणि पाद्रीणबाईंच्या मधे उभी केली.

आणि मग माझ्या बहिणीला आवरणं कठीण झालं. इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडायला लागलं. उद्घाटनाच्या जेवणात डुकराचं मांस वाढणाऱ्या पोरांना तिने सांगितलं, "ही माझी मुलगी, कपडे करते." बस चालवणाऱ्याला सांगितलं, दुसऱ्या गावच्या पाद्रीबाबांना सांगितलं. मांडवात एक म्हातारे सरदार बसले होते, ठार बहिरे. सापेताने त्यांनाही सांगितलं. त्यांनी कानाशी हात नेला, "काय?" तशी ती वाकली आणि सगळा मांडव जेवायचा थांबेल एवढ्या मोठ्याने ओरडली, "माझी मुलगी! फार हुशार आहे!"

मोए नीरफणसाचा तुकडा तोंडात तसाच धरून हसत होती आणि घळाघळा रडत होती.

"आई," ती म्हणाली, "त्यांना अजून ऐकू आलं नाही गं. परत सांग ना."