लिंबाखालचे देव

आईने आमचे देव जमिनीत पुरले, तेव्हा दिल्लीत माकडाची साथ होती. एक काळं माकड रात्री गच्च्यांवरून फिरतं आणि लोकांना ओरबाडतं, असं सगळे सांगत होते. ते चांदी चोरतं असं मात्र कोणीही म्हणालं नव्हतं. तेवढं आईने स्वतःच्या डोक्याने काढलं.

आम्ही तेव्हा दक्षिण दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो आणि मी बालवाडीत होतो. आईने देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले तळहाताएवढे देव, घोड्यावरचा खंडोबा आणि भवानी, स्टीलच्या डब्यात घातले आणि आवारात झाडाखाली पुरले. लगेच बाबांची बदली निघाली. आई देव उकरायला गेली, तर त्याच झाडाखाली सतरंजी टाकून शेजाऱ्यांनी आमचाच निरोपसमारंभ ठेवलेला. तिने ढोकळा खाल्ला, रडली आणि परत आली. सगळ्यांना वाटलं, दिल्ली सोडायचं दुःख.

तेव्हापासून आईच्या सांगण्यानुसार देव पॉलिशला दिलेले आहेत. देव्हाऱ्यात सुपाऱ्या आहेत. बाबा केंद्र सरकारात होते, त्यामुळे एखादी गोष्ट इतकी वर्षं प्रलंबित राहते याचं त्यांना काही वाटत नाही. कुमुदआत्याला वाटेल. ती बाबांची थोरली बहीण, आणि ते टाक तिच्या आईच्या माहेरून आलेले. परवा माझं लग्न, उद्या देवदेवक, आणि आत्या नागपूरहून आज संध्याकाळी पोचणार होती, टाकांना स्वतःच्या हाताने अंघोळ घालायला.

आईने मला हे सगळं आज सकाळी सांगितलं, बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही दिल्लीत परतलो त्या मयूर विहारच्या घरातल्या स्वयंपाकघरात, नळ सोडून, म्हणजे बाबांना ऐकू जाऊ नये. म्हणाली, "कुमुदताईंना कळलं ना, तर मी पुन्हा त्यांना तोंड दाखवू शकणार नाही. लिंबाखाली आहेत. जा."

मित्राकडे मेटल डिटेक्टर होता. तो सुट्टीच्या दिवशी जुन्या झाडांखाली नाणी शोधतो. त्याचं म्हणणं, माणसं सावलीत बसतात आणि बसली की खिशातलं सांडतं. यंत्र देताना त्याने एकच सूचना दिली, पोलीस आले तर पळू नकोस, पळणारा माणूस वाईट दिसतो.

दिल्लीत बीप बीप करणारी काठी घेऊन सरकारी जमीन उकरणारा दाढीवाला तरुण कसा दिसतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गळ्यात ऑफिसचं कार्ड लटकवलं. त्या जुन्या क्वार्टरच्या कॉलनीत शिरलो, लिंबाचं झाड शोधलं. तळमजल्यावर सक्सेना अशी पाटी होती, त्यांच्या कुंपणालगत होतं. यंत्र लगेच वाजलं. दहा पैसे निघाले, कडा नागमोडी असलेले. मग बाटल्यांची बुचं, मग स्कूटरचा प्लग, मग चमचा. दर बीपला मी गुडघ्यांवर बसून उकरायचो आणि दर वेळी बूच निघायचं.

सक्सेनाजी बाहेर आले आणि कुठल्या विभागातून आलात म्हणून विचारलं. मी घाबरून म्हणालो, रूटीन है. ते हळूच आत गेले, बायकोला घेऊन बाहेर आले आणि दोघं स्कूटरवर बसून निघून गेले. मग वरच्या मजल्यावरचेही निघाले. एक बाई प्रेशर कुकर घेऊन उतरली. कोणीतरी पुटपुटलं, बम है क्या. मला ओरडून सांगायचं होतं, नाही, देव आहेत, पण ते अधिक वाईट वाटलं असतं. मी आईला फोन लावला.

"आई, लिंबाखाली काही नाहीये."

"अरे, एवढं मोठं झाड. चारी बाजूंनी बघ."

"मोठं कुठे? लिंबं तोडायला वाकावं लागतंय."

मग ती म्हणाली, "लिंबू नाही रे गधड्या. लिंब. कडुलिंब. नीम, नीम."

"मग तसं म्हणायचं ना यार. लिंबाचं लोणचं म्हणतेस, ते काय कडुलिंबाचं असतं?"

कडुलिंब आवाराच्या मागच्या टोकाला होता, खरोखर प्रचंड. त्याच्या बुंध्याला संगमरवरी चौथरा होता, चौथऱ्यावर काचेची पेटी, घंटा, पंखा आणि रांग. आज गुरुवार. मी यंत्र बंद करायला विसरलो होतो. ते पेटीसमोर जाऊन किंचाळलं आणि रांगेतल्या लोकांनी हात जोडले.

पेटीत आमचा खंडोबा होता, शेजारी भवानी. वर पाटी: घोड़ेवाले बाबा, स्वयं प्रकट. खाली लिहिलं होतं: लहसुन-प्याज़ वर्जित. त्याखालची ओळ मी दोनदा वाचली: हर गुरुवार सौ बार अरुणा जाप. रांग सगळी डोळे मिटून तेच करत होती. अरुणा, अरुणा, अरुणा. अरुणा माझ्या आईचं नाव आहे.

मी तिला पुन्हा फोन केला आणि ताबडतोब ये म्हणालो. ती आली, पण सोबत कुमुदआत्या होती. तिला आधीच्या गाडीचं तिकीट मिळालं होतं, ती घरात पाऊल ठेवत होती आणि आई बाहेर पडत होती, आणि आईला थाप सुचली नव्हती. आत्याच्या हातात खंडोबाच्या नैवेद्याचा डबा होता, वांग्याचं भरीत, भरपूर कांदा घातलेलं. तिने पेटीत पाहिलं.

मग तिने पेटीजवळ बसलेल्या पंडितजींना सांगितलं की हे आमचे देव आहेत, भवानीच्या नाकाला पोचा आहे तो लहानपणी माझ्याच हातून पडला. पंडितजी नम्र होते. म्हणाले, बहनजी, बाबा पाण्याची लाइन टाकताना जमिनीतून निघाले. तुमचे असतील तर जमिनीत कोणी ठेवले?

आत्याला उत्तर माहीत नव्हतं. मला होतं. आई गप्प राहिली असती तर सगळं चोरावर गेलं असतं, तिची अब्रू वाचली असती आणि देव काचेतच राहिले असते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी डिटेक्टरकडे पाहिलं.

"मैंने," आई म्हणाली. "वो बंदर आया था ना, तब. मैंने रखे. स्टील के डिब्बे में."

पंडितजींचा चेहरा बदलला. त्यांनी चौथऱ्यामागून रेशमी कापडात गुंडाळलेला डबा आणला. झाकणावर भांड्याच्या दुकानात कोरतात तसं नाव कोरलेलं होतं: सौ. अरुणा.

"यही तो आदेश मिला था," ते म्हणाले. "सौ अरुणा. तब से हम सौ बार बोल रहे हैं."

मी समजावलं, पंडितजी, हे शंभर नाही, सौभाग्यवती आहे, विवाहित बाईच्या नावाआधी लावतात. अरुणा ही आहे. ही, निळ्या साडीतली.

मला वाटलं होतं, आता मार पडेल. पण जप थांबला, सगळ्यांनी डोळे उघडले, आणि पहिल्या बाईने येऊन आईच्या पायावर डोकं ठेवलं. मग दुसरीने. पंडितजींनी स्वतः पेटीचं कुलूप काढलं. म्हणाले, माताजींचे देव, माताजी नेतील, फक्त रविवारी परत आणून द्या, आणि भक्तमंडळ लग्नाला जेवायला येईल. मी मनातल्या मनात केटररशी बोलायला लागलो.

आत्या अजून भरीत धरून उभी होती. रांगेने तिला कोपराने बाजूला केलं होतं.

"अरुणा," ती अगदी हळू म्हणाली, "घरी गेल्यावर बोलू आपण."

आईने समोरच्या बाईच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवला.

"ताई, रांग बघताय ना," ती म्हणाली. "वेळ लागेल."