ती म्हणाली, तीन दिवस पुरेत

मी एक जुनं घड्याळ आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं कधीच ठिकाणावर नसतं. कसं असणार? माझ्या अंगावर एक मोठी तबकडी आहे आणि तिच्या पोटात एक छोटी. मोठीत आमच्या गावची वेळ, छोटीत परदेशातल्या एका शहराची. इकडे माणसं डोळे चोळत उठतात, तेव्हा तिकडे दुपारच्या जेवणाची सुट्टी झालेली असते. दोन्ही खरं, आणि दोन्ही एकाच वेळी! तुम्हीच सांगा, कोणाचं डोकं ताळ्यावर राहील?

ज्या कारागिराने मला घडवलं, त्यालाही ही शंका आली होती. जाड भिंगाचा चष्मा, दातांत चिमटा धरायची सवय, असा तो माणूस. चारही काटे बसवून झाल्यावर त्याने मला तपकिरी चामड्याच्या घडीच्या पाकिटात ठेवलं आणि हसून म्हणाला, "बिचारं! याला आपली वेळ कुठली, हे कधी कळायचं नाही." मी प्रवासाचं घड्याळ म्हणून जन्मलो खरा, पण माझ्या नशिबी आली शिवणकामाच्या दुकानातली फळी.

त्या दुकानाची मालकीण म्हणजे आमची ताई. तिची धाकटी बहीण चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळवून परदेशी गेली, त्याच दिवशी ताईने मला विकत आणलं. दोन्ही तबकड्या लावल्या, फोनशेजारी ठेवलं आणि पहाटे पाचचा गजर लावला. कारण इथले पाच म्हणजे तिथला दुपारचा एक, धाकटीची जेवायची सुट्टी. दुकानाच्या मागेच घर होतं. मी ओरडलो की ताई केस बांधत बाहेर यायची, फोन लावायची आणि विचारायची, "जेवलीस का?"

ते माझे सुखाचे दिवस होते. गिऱ्हाइकं माप द्यायला उभी राहिली की हमखास म्हणायची, "बघू हो, तिकडे किती वाजले?" आणि कौतुकाने मला निरखायची. पुढे मोबाइल आले. त्यात सगळ्या जगाची वेळ दिसू लागली आणि मी हळूहळू रिळांच्या डब्यामागे सरकलो. धूळ बसली, काचेला चरा गेला. ताईने मात्र एक रात्रही मला किल्ली द्यायचं चुकवलं नाही. तिचा हात लागला की मला आपलं बरं वाटायचं.

मग एके दिवशी ताईने फोनवर सांगून टाकलं, "मी येतेय तुला भेटायला. पंधरा दिवस!"

"अय्या, खरंच? ये ना, ये!" धाकटी एवढ्या जोरात ओरडली, की रिळांच्या मागे मलाही ऐकू आलं. पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पंधरा दिवस काय करशील गं इथे? आठवडा पुष्कळ झाला." नंतर म्हणाली, "आठवडा? चार दिवसांत अख्खं शहर पालथं घालू आपण." आणि ताई तिकीट काढायला निघाली, तेव्हा म्हणाली, "तीन दिवस पुरेत, ताई. इवलंसं तर शहर आहे."

मी चक्रावलो. हीच ती मुलगी ना, जी 'कधी येतेस, कधी येतेस' म्हणून बहिणीचा जीव खायची? मग बहीण निघाली, तर दिवस असे का आटायला लागले? मला काही उलगडा होईना.

ताईचे यजमान, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते कापड बेतायचे. त्यांनी कात्री खाली ठेवली. "अगं, तीन दिवसांसाठी एवढ्या लांब? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पहिला दिवस झोपेत जाईल, शेवटचा सामान बांधण्यात. मधल्या एका दिवसात तू काय शहर बघणार?"

"शहर कोणाला बघायचंय, अहो? मला तिला बघायचंय."

"रोज बोलता की दोघी."

"बोलते ना. पण हल्ली ती 'मी मजेत आहे' असं दोनदा म्हणते. आधी एकदाच म्हणायची."

मास्तरांनी पुन्हा कात्री उचलली. मग ते म्हणाले, "आणि ते तीन दिवसांत कळेल तुला?"

"काय माहीत! तिथे गेल्याशिवाय कसं सांगू?" ताईने जोरात शिवणयंत्र चालवायला घेतलं. तिच्या मनातली भीती मला कळत होती. धाकटीचं काहीतरी बिनसलंय आणि ते आपल्यापासून लपवलं जातंय, या विचाराने तिची झोप उडाली होती.

अखेर तीन दिवसांवर शिक्कामोर्तब झालं. निघताना तिने मला धूळ झटकून हातातल्या पिशवीत टाकलं. मास्तर म्हणाले, "मोठ्या तबकडीचे काटे तिकडच्या वेळेला फिरवून घे."

"एवढ्याशा मुक्कामाला कुठे काटे फिरवत बसू? जुळवेपर्यंत परत यायची वेळ व्हायची," असं म्हणून तिने पिशवीची चेन ओढली.

अशा रीतीने मी परदेशी पोचलो आणि माझ्या गोंधळात आणखी भर पडली. इतकी वर्षं जिला सगळे 'तिकडची' म्हणायचे, ती माझी छोटी तबकडी आता इकडची झाली. मोठी उगाचच लांबच्या गावाची वेळ दाखवत बसली. ऊन डोक्यावर आणि मी म्हणतोय पहाट! लाजच वाटली मला.

धाकटी विमानतळावर आली होती. नवा कोट, ओठांवर लाली आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिने तीन दिवसांचा असा बेत आखला होता, की मधे श्वास घ्यायला जागा नाही. पूल झाला, संग्रहालय झालं, मनोऱ्याच्या पायऱ्या झाल्या. ताई दमून म्हणाली, "ते सगळं राहू दे. तुझा कारखाना दाखव ना."

"तो पार नदीपलीकडे आहे गं, आडबाजूला. आणि मी रजा काढलीय ना? रजेत कोणी कामावर जातं का?" असं म्हणून ती हसली. फारच हसली. ताई तिच्याकडे बघत राहिली. दुसरा दिवसही असाच पळत गेला. संध्याकाळी ताईने मला किल्ली दिली. "उद्याचा एकच दिवस उरला," ती हळूच म्हणाली. कोणाला, मला की स्वतःला, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी राजवाडा बघायला निघाल्या. ताईच्या नव्या चपलेने टाच सोलली होती. एका चौकातल्या बागेत ती लंगडत थांबली आणि पहिल्याच बाकावर बसकण मारली.

"इथे नको ताई," धाकटी घाईघाईने म्हणाली. "पुढे याहून छान बाग आहे."

"असेल. माझे पाय इथेच संपले."

आणि तेवढ्यात मी वाजलो. मित्रांनो, मी काय करणार? माझ्या हिशेबी पाच वाजले होते आणि पाचचा गजर कोणी काढलाच नव्हता. आधीचे दोन दिवस तो रस्त्यावरच्या गोंगाटात बुडून गेला होता, एवढंच. पिशवीतून असा ठणाणा सुरू झाला की बागेतली कबुतरं उडाली. ताई हसतहसत मला शोधू लागली. "अगंबाई! तुला फोन करायची वेळ झाली की!"

"कर ना मग. मी इथेच आहे," धाकटीने थट्टा केली.

नेमकी तेव्हाच मागच्या बुरुजावरची घंटा वाजली. एकच टोला. तडकलेल्या पातेल्यावर डाव आपटावा तसा. ताईचा हात माझ्यावरच थांबला.

"ही घंटा मला माहीत आहे."

"कुठली गं?"

"तू फोन उचललास की मागे वाजते ती. गेल्या हिवाळ्यापासून. तू म्हणालीस, कारखान्यात सुट्टीची नवी घंटा बसवलीय."

धाकटीने तोंड फिरवलं. माझा गजर संपला. कबुतरं परत आली. मग एकदम तिचे खांदे हलायला लागले.

"कारखाना बंद झाला, ताई. हिवाळ्यातच. रोज डबा भरते, निघते, काम मागत हिंडते. कोणी दारात उभं करत नाही. एक वाजता इथे येऊन बसते, कारण तुझा फोन यायचा असतो. घरून बोलले असते तर आवाजावरून तुला कळलं असतं. इथे वर्दळ असते, निभावून जातं."

"म्हणून मला येऊ देत नव्हतीस?"

"येऊ नको कुठे म्हटलं? तू यावंस असंच वाटत होतं. पण तीन दिवस मी हसत काढू शकले असते. चौथ्या दिवशी नसतं जमलं गं."

ताईला राग आला होता, हे मी छातीठोकपणे सांगतो. "मूर्ख कुठली!" म्हणून तिने धाकटीच्या पाठीत धपाटा घातला आणि तोच हात तिथे ठेवून तीही रडली. आई रागवेल म्हणून लहानपणी दोघी म्हणे माळ्यावर लपून बसत, तशा बसल्या होत्या. राजवाडा राहिला. दोघी धाकटीने आणलेल्या एकाच डब्यातलं जेवल्या आणि ऊन उतरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

"परत चल माझ्याबरोबर," ताई म्हणाली.

"नको. अजून दोनचार ठिकाणी विचारायचंय. नाही जमलं तर येईन, आणि सांगून येईन."

"मग मी राहते."

"आणि दुकानात येऊन पडलेले नाटकवाल्यांचे कपडे कोण शिवणार? मास्तर?" धाकटी रडतारडता हसली. हे हसणं मात्र निराळं होतं. मलासुद्धा कळलं.

विमानतळावर ताईने विचारलं, "पुढच्या वेळी किती दिवस येऊ?"

धाकटीने तिच्या पिशवीचा बंद नीट केला. "परतीचं तिकीट न काढता ये," ती म्हणाली.

मित्रांनो, तीन दिवस थोडे की पुष्कळ, हे मला अजूनही सांगता येत नाही. दोन दिवस फुकट गेले म्हणावं, तर ते गेल्याशिवाय तिसरा आला नसता. मी आता पुन्हा फळीवर आहे, पण रिळांच्या पुढे. माझ्यासारखी जुनी घड्याळं तुमच्या घरी असतील तर त्यांना अडगळीत टाकू नका, किल्ली देत जा. आणि आपलं दूरचं माणूस 'मी मजेत आहे' असं दोनदा म्हणालं, तर वेळ पुरेल की नाही याचा घोळ घालत बसू नका. जेवढा मिळेल तेवढा घेऊन जा.

परवा पाचला मी वाजलो. ताईने फोन लावला. पलीकडून आवाज आला, "आज काही खरं नाही, ताई. सकाळपासून रडतेय." दोघी बराच वेळ बोलल्या. फोन ठेवून ताईने डोळे पुसले आणि मास्तरांना म्हणाली, "बरं वाटलं हो आज."

मास्तर बघतच राहिले. "ती रडतेय, आणि तुला बरं वाटतंय?"

"हो ना," ताई म्हणाली. "खरं सांगितलं तिने."