बंब फाटकाच्या अलीकडे

आमच्या नगरपरिषदेत मतदान होत नसे. म्हणजे नियमात होतं, पण होत नसे. कोणत्या विषयाचं काय करायचं ते सभेआधी अध्यक्षांच्या खोलीत चहा घेताना ठरायचं. मग आम्ही सातजण सभागृहात जाऊन बसायचो. अध्यक्ष विषय सांगायचे आणि वर पंख्याकडे पाहत विचारायचे, "कुणाची हरकत नाही ना?" पंखा बोलत नसे, आम्हीही बोलत नसू. सचिव मान खाली घालून लिहायचे, सर्वानुमते मंजूर. रस्ते, गटारं, दिवे, शाळेचं छप्पर, सगळं असंच झालं. त्यातलं बरंचसं चांगलंही होतं, हे सांगायला हवं.

सातांत मी सगळ्यांत गप्प. आयुष्य वाचनालयात गेलं, आणि तिथे न बोलणं हाच गुण. निवडणुकीत दोन गटांचं एका माणसावर जमेना, तेव्हा कुणालाच न खुपणारा म्हणून मला उभं केलं. माझी थोरली बहीण तेव्हा म्हणाली होती, "खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून बसवलाय तुला." अक्काचं बोलणं असंच, आणि बहुतेक वेळा खरं.

अक्काचा गाद्यांचा कारखाना आहे. पत्र्याचं छप्पर, कापूस पिंजायचं यंत्र, शिवणाऱ्या चार बाया, झाला कारखाना. शेजारी लाकडाची वखार, पलीकडे रंगाची दुकानं, म्हणजे सगळी गल्लीच काडीची वाट बघत बसलेली. गेल्या हिवाळ्यात यंत्रातून ठिणगी उडाली. कापूस आतल्या आत धुमसत गेला. चौकातला आगीचा बंब येईपर्यंत अक्का ओलं पोतं घेऊन ढिगावर आपटत होती. तिच्या भुवया गेल्या, कारखाना राहिला.

तोच बंब आता जाणार होता. शेजारच्या परिषदेशी करार ठरत होता. दोघांचं मिळून एकच अग्निशमन केंद्र, त्यांच्या हद्दीत, रेल्वेफाटकाच्या पलीकडे. उंच शिडी, नवी यंत्रं, जवानांना चांगलं शिक्षण. चौकात बंबाची जागा मोकळी होईल तिथे दुकानांची इमारत. एकत्र येण्यात वाईट काही नव्हतं. पाणी आणि कचरा आम्ही दोघे मिळून पाहतोच, आणि बरं पाहतो. वाईट होतं ते फाटक. मालगाडीचे डबे जोडायला लागले की ते बंद होतं, आणि मग फाटकाशी उभी असलेली माणसं एकमेकांच्या मुलांची लग्नं जुळवून मोकळी होतात.

सभेच्या दिवशी सकाळी अक्काने मला बजावलं, की ती मागच्या बाकावर येऊन बसणार आहे. "तू काही बोलायचा नाहीस, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण गप्प बसताना तुझं तोंड कसं दिसतं ते मला बघायचंय."

चहाला शेजारच्या परिषदेचे अध्यक्षही आले होते. हसतमुख माणूस. मी फाटकाचं काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्यातल्या डॉक्टरांनी बिस्किटांची बशी पुढे केली. मी बिस्कीट घेतलं. तेवढ्यात विषय संपलाही. वखारवाले शेठ, आमच्यातलेच एक सदस्य, म्हणाले की फाटकावर पूल व्हायचाच आहे. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. नव्या इमारतीतलं कोपऱ्यावरचं दुकान त्यांना मिळणार असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की काका वाचणारे आहेत, त्यांना प्रगती समजावून सांगावी लागत नाही.

सभागृहात मागचे बाक एरवी रिकामे असतात. आज तिथे अक्का होती, तिच्या चार बाया होत्या, आणि वखारवाल्यांची बायकोही होती. तिला पाहून शेठ जरा सावरून बसले.

अध्यक्षांनी करार वाचला, पंख्याकडे पाहिलं. "कुणाची हरकत नाही ना?"

"आहे," मी म्हणालो. ते इतकं हळू निघालं की सचिवांनी लिहायला सुरुवातही केली. मला वाटलं, झालं, आपण बोललो, आता बसावं. पण ती लेखणी चालतच राहिली, आणि मला तिचाच राग आला.

"माझी हरकत आहे."

अध्यक्ष गोड हसले. "काका, हे चहाच्या वेळी बोलायचं होतं."

"तेव्हा तोंडात बिस्कीट होतं," मी म्हणालो. मी विनोद केला नव्हता, पण मागच्या बाकांवर हशा पिकला. "हात वर करून मतं घ्या."

सचिवांनी नियम पाहिले. हरकत आली की हात मोजायचे. आणि परिषदेची वस्तू हद्दीबाहेर द्यायची तर सातांपैकी चार हात हवेत. अध्यक्षांना त्याची फिकीर नव्हती. आम्ही सगळे गप्प बसणारे, म्हणजे सगळे त्यांचेच. त्यांनी हात वर केला. डॉक्टरांनी केला. जरा वेळाने दूधसंघाच्या बाईंनी केला.

मग कुणीच करेना. इतकी वर्षं गप्प बसलं की होकार होत असे. आज गप्प बसणं नकारात मोजलं जात होतं, आणि ते ध्यानात येताच सगळ्यांची पंचाईत झाली. बसमालक नखं पाहू लागले. दुसरे एक सदस्य खोकायला लागले ते थांबेनात.

"शेठ," अध्यक्ष म्हणाले.

शेठचा हात निघाला. तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला, "वहिनी, नीट बघून घ्या हं, वखार पेटली तर कुणाला हाक मारायची ते."

अध्यक्षांनी तिला बाहेर काढायची तंबी दिली. शेठचा हात कानापर्यंत गेला, त्याने कान खाजवला आणि तो खाली आला.

तीन. करार नामंजूर.

"आता विरोधात कोण?" अध्यक्षांचा आवाज बदलला होता. मी हात वर केला. इकडेतिकडे पाहिलं नाही; पाहिलं असतं तर खाली घेतला असता.

"एकटेच आहात."

"एकटाच. तसं लिहा."

बाहेर व्हरांड्यात शेजारच्या अध्यक्षांना मी गाठलं. केंद्र एकच करा, शिडी तुमच्याकडे ठेवा, पण एक बंब आणि त्याची माणसं फाटकाच्या अलीकडे राहू द्या, मी आनंदाने हात वर करतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते झिडकारलं नाही. आमच्या अध्यक्षांनी मात्र मला बाजूला घेतलं. पुढच्या सभेत चौथा हात आणतो म्हणाले, आणि पुढच्या निवडणुकीत तुम्हाला उभं कोण करतं तेही बघतो.

"बघा," मी म्हणालो. "मी यापुढे प्रत्येक विषयाला हात मोजायला लावणार आहे. गटारालासुद्धा."

मग मी सचिवांकडे गेलो आणि पुढच्या सभेसाठी माझा स्वतःचा विषय घ्यायला सांगितला : एक बंब फाटकाच्या अलीकडे कायम ठेवावा. सचिवांनी विचारलं, अनुमोदक कोण? एकट्याचा विषय घेता येत नाही.

मी वळून पाहिलं. मागे वखारवाले बायकोबरोबर जिना उतरत होते. वहिनी दोन पायऱ्यांवर थांबल्या, नवऱ्याच्या बाहीला धरून त्यांना परत वर आणलं आणि टेबलापुढे उभं केलं.

"हे आहेत," त्या म्हणाल्या.

शेठनी अध्यक्षांच्या बंद दाराकडे पाहिलं, मग बायकोकडे. "लिहा," ते म्हणाले. "आणि अक्षर मोठं काढा, अध्यक्षांना लांबून दिसलं पाहिजे."