उजेडाची हद्द

रस्ता एकच होता, पण त्याच्या मधोमध दोन गावांची हद्द जात होती. अलीकडचा फुटपाथ खालच्या गावाचा, पलीकडचा वरच्या शहराचा. वरच्या शहराच्या फुटपाथवर उंच, देखणे दिव्यांचे खांब होते आणि खालच्या गावाच्या फुटपाथवर टेलरबाईंचं दुकान. दिवे लागले की त्यांचा उजेड रस्ता ओलांडून बिनदिक्कत दुकानात शिरायचा. त्या उजेडात बाईंकडच्या पोरी दिवेलागणीनंतरही मशीन चालवायच्या आणि त्याच उजेडात घरी जायच्या. उजेड फुकटचा होता, पण पोरींचे पगार खरे होते.

टेलरबाई खालच्या गावाच्या अध्यक्षही होत्या. या पदाला मानधन नव्हतं, गाडी नव्हती, म्हणून पुरुषमंडळींनी एकमताने बाईंचं नाव सुचवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, अध्यक्ष असून बाईंनी स्वतःच्या फुटपाथवर दिवे का लावले नाहीत? त्यासाठी सरकारची योजना होती. मोठी न्यायाची योजना. गाव दिव्यांसाठी आपल्या तिजोरीतून जेवढे पैसे घालेल, तेवढेच सरकार वरून घालणार. लहान असो, मोठं असो, सगळ्यांना नियम एकच! वरच्या शहरात बाजारपेठ, हॉटेलं, बंगले. त्यांनी भरभरून घातले, त्यांना भरभरून मिळाले. आधी रस्त्यावर दिवे लागले, मग कारंज्याभोवती लागले, मग बदकांच्या तळ्यात पाण्याखाली लागले आणि बदकांची झोप उडाली. खालच्या गावाच्या तिजोरीत खडखडाट होता. गावाने शून्य घातलं आणि सरकारने इमानेइतबारे तेवढंच, म्हणजे शून्य, पाठवलं.

वरच्या शहराच्या अध्यक्षांना लोक झगमगसाहेब म्हणायचे. निवडणूक तोंडावर आली तसं त्यांनी भर सभेत विचारलं, "आपल्या करदात्यांचा उजेड रस्त्यापलीकडे सांडतोय, त्याचं काय?" टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रत्येक दिव्याला खालच्या गावाच्या बाजूने पत्र्याचं झाकण बसवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा झाकण हातात धरलेला फोटोही आला.

ही बातमी पेपराआधी बाईंच्या घरी पोचली होती, कारण त्यांचे धाकटे दीर वरच्या शहराचे वायरमन होते. राहायला खालच्या गावात, नोकरी वरच्या शहरात. ते चहाचा कप समोर घेऊन तोंड पाडून बसले होते.

"वहिनी, सोमवारपासून झाकणं बसवायचीत. आणि ती मीच बसवायचीत."

"बसवा की. नोकरी आहे तुमची."

"अहो, पण दुकान अंधारात जाईल तुमचं!"

"जाईलच. मग पोरींचे बाप येऊन सांगतील, उद्यापासून पोरगी येणार नाही. तेवढं कळतं मला." बाईंनी सुईत दोरा ओवला. "आधी मला सांगा, तुम्ही चढणार कशावर?"

दिरांचा चेहरा एकदम खुलला. "नवी गाडी घेतलीय ना शिडीची! काय गाडी आहे, वहिनी! चार लोखंडी पाय बाहेर काढते, जमिनीवर घट्ट रोवते आणि मग माणसाला वर नेते."

"आणि ते पाय टेकतात कुठे?"

"दोन आमच्या बाजूला टेकतील. आणि रस्ता अरुंद आहे, तेव्हा दुसरे दोन..." दीर थांबले. त्यांनी वहिनीकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही हसताय का?"

सोमवारी गाडी आली तेव्हा रस्त्यात खुर्ची टाकून टेलरबाई काजं करत बसल्या होत्या. खालच्या गावाच्या जमिनीवर यंत्राचा पाय टेकवायचा असेल तर दर खांबाला, दर पायामागे फी पडेल, असा ठराव गावाने रातोरात केला होता. फीचा आकडाही बाईंनी हवेतून काढला नव्हता. आपल्या बाजूला दिवे लावायला किती खर्च येईल ते आधी बघितलं, त्याचा अर्धा केला आणि तो लोखंडी पायांवर वाटून टाकला. कापड बघून बेतायची त्यांना सवयच होती.

झगमगसाहेब तरातरा आले. "बाई, ही काय थट्टा आहे?"

"थट्टा कसली, साहेब? बसा ना."

"आमचा उजेड तुम्ही इतकी वर्षं फुकट वापरलात!"

"वापरला हो. म्हणून तर म्हणते, झाका. तुमची वस्तू आहे, तुम्ही झाकून ठेवा. फक्त आमच्या रस्त्यावर पाय देऊ नका."

साहेब आजूबाजूला बघू लागले. पेपरवाला आला होता आणि त्याने वही उघडली होती. आता माघार घेतली असती तर झाकणासकट शोभा झाली असती.

"नाहीतर राहू द्या झाकणं," बाई मायेने म्हणाल्या. "मीच सांगते पेपरवाल्यांना, साहेबांना परवडलं नाही म्हणून."

एवढं वर्मी लागलं. साहेबांनी जागच्या जागी फीच्या कागदावर सही ठोकली. फी म्हणजे त्यांचं कारंजं धुवायच्या साबणाचा खर्च. खालच्या गावासाठी मात्र ती तिजोरीत पडलेली पहिली घसघशीत रक्कम होती आणि बाईंनी ती त्याच दिवशी योजनेत भरून टाकली.

झाकणं बसली आणि अंधार झाला. अगदी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा. आता गावाने बाईंच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. अध्यक्षबाईने चार पैशांसाठी उजेड विकला, असं पाणवठ्यापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळे म्हणू लागले. सासूबाई दिरांशी बोलेनाशा झाल्या. "स्वतःच्या हाताने स्वतःच्या दारात अंधार करून आला माझा दिवटा," एवढंच त्या भिंतीला सांगायच्या. दोघी पोरी कामावर यायच्या बंद झाल्या. उरलेल्यांना बाई रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन घरोघर पोचवून यायच्या आणि परत येताना त्यांना स्वतःलाच भीती वाटायची. डाव फसला तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

पण डाव फसला नाही. सरकारने बरोबरीने पैसे घातले, खांब आले आणि एका संध्याकाळी खालच्या गावाच्या फुटपाथवर खालच्या गावाचे दिवे लागले. बोटं मोडणारे तेच लोक आता "आम्ही म्हणतच होतो" असं म्हणत टाळ्या वाजवू लागले. दोघी पोरी कामावर परतल्या. सासूबाईंनी दिरांना जेवायला हाक मारली.

त्या गर्दीत झगमगसाहेब हसत हसत आले. बाईंना वाटलं, आता भांडण. त्यांनी मनात दोन-तीन टोमणे तयारही ठेवले.

"अभिनंदन, बाई! पुढच्या वर्षी झाकणं रंगवायला येऊ, तेव्हा फी दुप्पट करा."

"काय म्हणालात?"

"अहो, तुम्हाला दिलेली फी आम्ही दिव्यांच्याच खर्चात दाखवली. मग सरकारने तेवढे पैसे आम्हालाही दिले! आमचा एक पैसा गेला नाही. त्यातूनच तळ्याला आणखी एक माळ लागली. तुमचं भलं, आमचं भलं."

"मग गेले कुणाचे?"

"कुणाचेच नाही. वरून आले!" असं म्हणून साहेब दिव्यांखाली फोटो काढायला गेले.

बाईंचा सगळा आनंद तिथेच उतरला. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपण साहेबांचा खिसा कापला. साहेबांच्या खिशाला टाचणीसुद्धा टोचली नव्हती. त्या दुकानात येऊन बसतात न बसतात तोच फोन वाजला. डोंगरापलीकडून, माहेराहून, आईचा फोन होता.

"लागले का गं दिवे?"

"लागले, आई. तुमचा कधी लागतोय?"

माहेरच्या गावात बाईंचा भाऊ प्रमुख होता. त्याने घरोघर फिरून वर्गणी जमवली होती आणि नळापाशी एक दिवा मागितला होता. एकच.

"आमचा नाही लागणार यंदा. दादाला कळवलंय त्यांनी, सरकारच्या पेटाऱ्यातले पैसे संपले. आधी आलेल्यांनी नेले म्हणे. असू दे गं. तुझ्या गावात आला ना? मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या लेकीने उजेड आणला."

पैसे कुणाचे गेले ते बाईंना आता कळलं. त्यांनी आपल्याला जमत होतं तेच विचारलं.

"आई, तुमच्या हद्दीला लागून एखादं मोठं, श्रीमंत गाव नाही का गं?"

"आहे की."

"कुठलं?"

"तुमचंच. रोज नाही का येत तुमची कचऱ्याची गाडी, आमच्या ओढ्यात ओतायला?"

आई हे तक्रार म्हणून बोललीच नव्हती. विचारलं, म्हणून सांगितलं. बाहेर लोक अजून बाईंच्या नावाने टाळ्या वाजवत होते. बाईंनी उठून दुकानाचं दार लोटलं.

"आई, दादाला सांग, उद्या ती गाडी अडव."

"अगं, तुझीच गाडी?"

"माझीच. दर गाडीमागे फी लाव म्हणावं, दिव्याचे उरलेले पैसे त्यातून काढ, आणि गाडीत काय आहे ते बघून चांगली जबर लाव. मी येईन तावातावाने भांडायला, गावासमोर मला यावंच लागेल. त्याला म्हणावं, बहीण आहे म्हणून एक पैसा कमी करू नकोस."